विहिणीचे चाळीस दिवस

सोकोरोने घरात पाऊल टाकलं आणि पहिलं काम केलं ते एसी कमी करण्याचं. टेक्सासमधल्या शुगर लँडचा ऑगस्ट, बाहेर अंगाची लाही लाही होत होती. पण तिने बाळंतिणीच्या खोलीतला पंखाही बंद केला, सुनेच्या, सियाच्या कानांवरून घट्ट रुमाल बांधला आणि मगच नातीकडे वळली. दारात पद्मिनी लेकीसाठी आणलेली कानटोपी घेऊन उभी होती. तिने ती हळूच पाठीमागे लपवली.

सोकोरो म्हणजे जावयाची, मातेओची आई. लग्नात दोघी विहिणी फोटोपुरत्या शेजारी उभ्या राहिल्या, तेवढीच ओळख. मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून निघताना पद्मिनीने नवऱ्याला, हेमचंद्रला बजावलं होतं, "बाळंतपण मुलीच्या आईने करायचं असतं. त्या बाईंना मी किचनमध्ये फिरकू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी एका बर्नरवर अळिवाची खीर आणि शेजारच्या बर्नरवर सोकोरोची मक्याच्या पिठाची, दालचिनी घातलेली पेज रटरटू लागली. कोंबडीचा रस्सा मात्र ती स्वतःच्या घरून करून आणायची, वाढायलाही आपलीच वाटी. शाकाहारी विहिणीच्या भांड्यांना तिने वशाट लागू दिलं नाही. पद्मिनीने हे मनात नोंदवलं.

"चाळीस दिवस," सोकोरो मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची. "झाडू नाही, जिना नाही, गार पाणी नाही."

"आमच्यात सव्वा महिना," पद्मिनी म्हणायची. फरक काय तो दोन-तीन दिवसांचा.

सोकोरो एकोणिसाव्या वर्षी मेक्सिकोतल्या डोंगरातल्या एका खेड्यातून ह्यूस्टनला आली. पहिल्या बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी ती हॉटेलच्या खोल्या साफ करायला गेली आणि गादी उचलताना चक्कर येऊन पडली. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या, ना नात्याच्या ना गोत्याच्या एका म्हातारीने तिला आपल्या घरी नेलं आणि चाळीस दिवस चमचासुद्धा उचलू दिला नाही. हे कसं फेडू, असं विचारल्यावर म्हातारी डाफरली, "मला नको. पुढच्या पोरीला दे."

तेव्हापासून सोकोरो देते आहे. शाळेच्या कँटीनची नोकरी सांभाळून तिने सव्वीस बाळंतिणी राखल्या, सिया सत्ताविसावी. मातेओ सांगायचा, त्यांच्याकडे दहा मे हा आईचा दिवस, आणि त्या दिवशी ममाच्या दारात फुलं मावत नाहीत.

अकराव्या दिवशी सियाने लॅपटॉप उघडला. "सोमवारी ऑफिसला जातेय. प्रेझेंटेशन आहे. जस्ट चार तास."

"अगं, टाके वाळले नाहीत अजून!"

"आई, प्लीज. माझ्या जन्मानंतर चौदाव्या दिवशी लॅबमध्ये कामाला कोण गेलं होतं? तूच तर सगळ्यांना सांगतेस!"

ती गोष्ट पद्मिनीने मराठी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत, घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या प्रत्येक पॉटलकला मान ताठ करून सांगितली होती. लेक तीच ऐकत मोठी झाली. आता तिला कोणत्या तोंडाने अडवायचं?

सोकोरोने पेजेचा कप खाली ठेवला आणि सियाकडे न बघता पद्मिनीला विचारलं, "तुला कोणी राखलं?"

"कोणी नाही. आईला व्हिसा मिळाला नाही."

"आणि कंबर?"

पद्मिनी कसनुशी हसली. "ती तेव्हापासून गेलीच आहे. मिशिगनच्या थंडीत तर रडवते." हे मात्र तिने कुठल्याच पॉटलकला सांगितलं नव्हतं.

सोकोरोने खांद्यावरची लांब, हातमागाची शाल काढून जमिनीवर अंथरली. "झोप."

"मी? अहो विहीणबाई, एकसष्ट वर्षांची आहे मी!"

"मग चांगली मुरली आहेस. झोप. बाळंतिणीचं उघडं पडलेलं अंग बांधून मिटवायचं असतं. याला उशीर होत नाही."

तिने कोमट तेलाने कंबर रगडली, मग शाल कमरेभोवती गुंडाळून दोन्ही टोकं हळूहळू आवळली. पद्मिनीच्या तोंडून "आई गं" निघालं आणि पाठोपाठ रडू. ते काही केल्या आवरेना.

सिया बाळाला घेऊन पाहत राहिली. "इतकी वर्षं दुखतंय? यू नेव्हर टोल्ड मी."

"गोष्ट चौदाव्या दिवशी संपत नाही, सिया," पद्मिनी झोपल्या झोपल्याच म्हणाली. "मी मात्र तिथेच थांबवत आले."

सोमवारी प्रेझेंटेशन ऑफिसातल्या जयने दिलं. सियाने ते त्याला पलंगावर आडवं पडून फोनवर समजावलं, तेही कानाला रुमाल बांधून. जयला काही दिसलं नाही, हे बरंच झालं.

चाळिसाव्या दिवशी सोकोरोने सियालाही शालीत बांधलं. एक टोक स्वतः धरलं, दुसरं पद्मिनीच्या हाती दिलं. "ओढ. जोरात. अठ्ठाविसावीला तू राखायचंस."

दिवाळीत ॲन आर्बरच्या मंडळात आश्लेषा नावाच्या एका नव्या मुलीने विचारलं, "पद्मिनीकाकू, सियाचं बाळंतपण तुम्हीच केलंत ना?" तिला सातवा महिना होता, आणि आई नागपूरला.

"माझ्या विहिणीने केलं," पद्मिनी अभिमानाने म्हणाली. "आम्हा दोघींचं." मग तिने आश्लेषाला तारीख विचारली आणि फोनच्या कॅलेंडरवर तिथून पुढचे चाळीस दिवस अडवून टाकले.