ताडपत्रीखालचा काळोख

माझा गडी उन्हात आंधळा व्हायचा, आणि हे ठाऊक असूनही आमचा सूत्रधार प्रत्येक लढाई भर दुपारी लावायचा. हे मी आजही विसरलेलो नाही.

सूत्रधार म्हणजे माझा कॉलेजचा मित्र, इंजिनिअर. परदेशातून येताना तो एक खेळ घेऊन आला होता. त्याने प्रसंग सांगायचा, आम्ही आपापल्या गड्याने, म्हणजे खेळातल्या पात्राने, काय केलं ते सांगायचं, आणि वार लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. दर रविवारी स्नेहलतागंजला त्याच्या घरी आम्ही जमायचो, मी आणि माझा मेहुणा. मेहुणा शाळेत गणित शिकवायचा, खेळात तिरंदाज होता. माझा गडी जमिनीखाली वाढलेला, अंधारात मांजरासारखा बघणारा. उन्हात मात्र प्रत्येक फाशातून चार वजा. मेला तर कायमचा मेला, असा नियम. दीड वर्ष मी त्याला जगवत आणला होता.

सांवेर रोडवर मी जुन्या लेथ मशिनी घेऊन विकायचो. सुरुवात सायकलवर बेअरिंगं लादून केलेली. घासाघीस अंगातच होती, मग उन्हाचीही करायचो. रुंद काठाची टोपी घातली तर? एक सूट. डोळ्यांवर जाळीचं कापड बांधलं तर? आणखी एक.

"लोहामंडी समझ रखी है क्या?" मित्र कातावायचा. पण द्यायचा.

त्या रविवारी किल्ल्याचं उघडं आवार, सूर्य डोक्यावर, समोर कुऱ्हाडवाला सरदार. पहिल्याच घावात टोपी, कापड आणि अर्धा कान गेला. दुसऱ्यात खांदा फुटला, हाड बाहेर आलं. मी टाकलेले तिन्ही फासे उन्हाने खाल्ले.

"जिजाजी, पळा," मेहुणा म्हणाला.

"तू पळ!"

आवारात धान्याच्या गाडीवर ताडपत्री होती. मी म्हणालो, ती ओढून सरदारावर टाकतो आणि मीही त्याच्यासोबत आत शिरतो.

"आत उजेड झिरपेल," मित्र म्हणाला. "दोन वजा."

"डांबर लावलेली आहे. पाण्याचा थेंब शिरत नाही, ऊन शिरेल?"

"कडेने शिरेल."

"कड अंगाखाली दाबली."

चहा निवेपर्यंत मी सोडलं नाही. शेवटी त्याने हात जोडले. "बस भिया. आत काळोख. आतल्याला बाहेरचं दिसणार नाही, बाहेरच्याला आतलं. मंजूर?"

"मंजूर!"

मग मी वसुली केली. सरदार आंधळा, माझा गडी डोळस. कुऱ्हाड उचलायला जागा नव्हती. सुरा बरगड्यांत घातला, फिरवला, काढला, पुन्हा घातला. गुडघा त्याच्या गळ्यावर दाबला. तो मनगटाला चावला, मी त्याचे दात मुठीने आत घातले. अजून एक घाव आणि तो संपला असता.

मेहुण्याची पाळी आली. "मारू का?"

"मार! विचारतोस काय!"

त्याने बाण सोडला. फासा विसावर थांबला. मी टाळी वाजवली.

"कुणाला लागला?" मित्र शांतपणे म्हणाला. "त्याला बाहेरून आतलं दिसत नाही. पुन्हा फासा टाक. सम आला तर सरदार, विषम आला तर तू."

सात आला. बाण माझ्या गड्याच्या मानेतून आरपार गेला.

मी मेहुण्याची कॉलर धरली आणि त्याच्या नाकावर ठोसा दिला. टेबल उलटलं. मित्र मधे आला, त्याला भिंतीवर ढकलला. मेहुण्याच्या सदऱ्यावर रक्त ओघळत होतं.

बाहेरच्यात मेहुणाही येतो, हे मित्राने सौदा होतानाच सांगायला हवं होतं. मी गिऱ्हाइकाला मशिनीची खोट सांगत नाही, पण तो धंदा आहे.

धाप ओसरल्यावर मी मित्राला म्हणालो, "याचं नाक फुटलं. झालं ना आता? बाण हुकला म्हण."

"नाही."

"खांद्याला लागला म्हण."

मित्राने उलटलेलं टेबल सरळ केलं. मेहुण्याने मान मागे टाकली होती, नाकाशी रुमाल धरला होता. तसाच तो म्हणाला, "मानेतच लागला, जिजाजी."