मयुरीचा निबंध मी पुसला

मित्रहो, आज सकाळी कॉलेजच्या पोर्टलवरचा माझा मराठीचा कोर्स नव्या आवृत्तीत हलवला. बॅकअपची फाइल फार मोठी होत होती, म्हणून 'विद्यार्थ्यांची माहिती' समोरची टिक काढली. नव्या ठिकाणी धडे नीट दिसले. जुना कोर्स पुसून टाकला.

दुपारी वर्गात पोर्टल उघडून पाहिलं तर मुलांचा निबंध एकही नाही. कोणी लिहिलेच नाहीत असं समजून मी रागावलो.

एकोडी गावची मयुरी उठली. "सर, मी त धानाच्या रोवणीवरून येऊन मोबाईलवर लिहिला होता. तुमी खाली 'छान' लिहिलं होतं."

तेव्हा ती टिक आठवली. माफी मागितली. पुन्हा लिहिशील का, विचारलं.

"लिहीन. पन त्यात काय छान होतं ते मले सांगा, तेवढं तसंच ठेवीन."

मी तो वाचलाच नव्हता. वर्गात तसं म्हणता आलं नाही. उद्या तिला कसं सांगू?