नलिनी उर्फ सुमन

लोक पासपोर्ट मिळवायला मुंबईला जातात, मी माझा परत द्यायला निघाले होते. भिवंडीच्या स्टँडवर ठाण्याच्या एस.टी.ची वाट बघताना शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, कुठं निघालात. मी खरं ते सांगितलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांना तरी काय बोलायचं? युगांडातून आपल्या लोकांना हाकलून दोनच वर्षं झाली होती. विलायती पासपोर्टवाला तरला, बाकीचे वाऱ्यावर, हे आमच्याकडे लूमवरच्या कामगारालाही ठाऊक होतं. आणि मी तो पासपोर्ट सोडायला निघालेली.

माझा जन्म नैरोबीचा. वडील मूळचे भिवंडीजवळच्या कामतघरचे, तिकडे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. इंग्रजी अमलात जन्मले म्हणून मी इंग्रजांची प्रजा, एवढाच काय तो माझा पराक्रम. वडिलांनी लग्नासाठी मला बोटीने इकडे धाडलं, तेव्हा तो निळा पासपोर्ट हातात दिला. त्यावर नाव होतं नलिनी केशव म्हात्रे. पडघ्याच्या भोईरांच्या घरात लग्न होऊन आले आणि पासपोर्ट ट्रंकेच्या तळाशी गेला. पुढे ह्यांना कामतघरला जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची) नोकरी लागली, मी भिवंडीत शाळेवर हंगामी शिक्षिका झाले. लग्न केलं म्हणजे मी आपोआप इथली झाले, असं मी दहा वर्षं धरून चालले होते. शाळेत कायम करायची वेळ आली तेव्हा कळलं की कागदोपत्री मी परकी आहे. मतदारयादीत माझं नाव का नसतं, त्याचाही तेव्हा उलगडा झाला.

मार्चअखेरपर्यंत इथलं नागरिकत्व दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं हेडमास्तरांनी सांगितलं. ठाण्याच्या कचेरीत गेले तर ते म्हणाले, आधी तिकडचं सोडल्याचा दाखला आणा. म्हणून ही मुंबईची वारी.

फोर्टातल्या इंग्रजांच्या वकिलातीत लाकडी बाकं होती, पंखे होते आणि शांतता होती. भिवंडीच्या मागांच्या खडखडाटाची सवय झालेल्या माणसाला अशा शांततेत झोप येते. शिपाई अधूनमधून नावं पुकारत होता. तासाभराने माझ्या लक्षात आलं, माझ्यामागून आलेले लोक काम आटोपून चालले आहेत. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "नलिनी म्हात्रे? तीनदा बोलावलं. कुणी ओ दिली नाही."

मीच ओ दिली नव्हती. दहा वर्षं मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, मग कान तरी कुठून उभे राहणार? पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन बसले.

आतला साहेब गोरा होता, सभ्य होता आणि गोंधळलेला होता. समोर माझे कागद पसरले होते. पासपोर्टावर नलिनी केशव म्हात्रे. लग्नपत्रिकेवर चि. सौ. कां. नलिनी आणि चि. दामोदर. रेशनकार्डावर आणि शाळेच्या पत्रावर सुमन दामोदर भोईर. आडनाव बदलतं हे त्याला ठाऊक होतं. पण सगळं नाव, पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही? त्याने कागद पुन्हा एकदा ओळीने लावले आणि हळू आवाजात विचारलं, की दामोदर भोईर यांची पहिली पत्नी नलिनी सध्या कुठे असते?

मला आधी हसू आलं आणि मग राग आला. माझीच सवत मी! मी त्याला समजावलं की आमच्यात लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. त्याने विचारलं, ते तांदूळ आहेत का. थट्टा करत नव्हता, त्याला खरंच पुरावा हवा होता. नवऱ्याची साक्ष चालणार नाही, लग्नाला हजर असलेल्या त्रयस्थाचं प्रतिज्ञापत्र आणा, म्हणाला.

माझे आईवडील नैरोबीलाच वारले, सासूबाईही गेल्या, आणि लग्नाला आलेले बाकीचे सगळे नात्यातले. राहिले लग्न लावणारे गुरुजी. रविवारी पडघ्याला गेले. हायवेवर नाशिककडचे ट्रक एकामागून एक उभे होते आणि बाजारात नव्या वालांचे ढीग लागले होते. गुरुजींच्या घराला कुलूप. शेजारच्या मावशी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या.

"गुरुजी हितं न्हाय," त्या म्हणाल्या. "पाय धरलेत त्यांचे. अकलोलीला लेकीकडं हायत, कुंडात बसायला."

मग त्यांनी मला बळेबळे आत नेऊन तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. नैरोबीत आई डब्यातून आणलेल्या वालांचं बिरडं वर्षातून एकदा करायची आणि आम्ही भावंडं त्याच्या दाण्यांवरून भांडायचो. इथे ते परातभर होतं. कुणाची कोण, नाव विचारण्याआधी मला वाढलं गेलं, आणि कागद काहीही म्हणोत, मी इथलीच आहे याची मला त्या ओट्यावर खात्री पटली.

पडघ्याहून उलट भिवंडी, भिवंडीहून वज्रेश्वरीची गाडी. भात कापलेल्या शेतांमधून ती इतकी रमतगमत चालली की नैरोबीतला 'पोले पोले' (हळूहळू) हा शब्द आठवला. तिकडे तो दर दोन वाक्यांत यायचा. वज्रेश्वरीला उतरून अकलोलीकडे चालू लागले तर वाटेत चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेतल्या. कुंडांजवळच्या दगडांवर पाय ठेवला तेव्हा कळलं की इथली जमीनही कोमट असते.

तानसा नदीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं आहेत, कुठलं सोसवेल असं, कुठलं अंडं उकडेल असं. पुरुषांच्या कुंडात गुरुजी गळ्यापर्यंत बुडून बसले होते. मी भिंतीआड पाठ करून उभी राहिले आणि तिथूनच ओरडून सांगितलं, पडघ्याच्या दामू भोईरची बायको आले आहे.

पाण्याचा आवाज थांबला. "आफ्रिकेची पोर ना तू?"

थोड्या वेळाने पंचा गुंडाळून ते बाहेर आले, पायरीवर बसले. मी सगळं सांगितलं. नलिनीची सुमन झाली हे ते विसरले असतील अशी मला धास्ती होती. चाळीस वर्षांत हजारो नावं त्यांच्यासमोर तांदळांत लिहिली गेली असतील. पण ते हसले.

"लग्नं लावता लावता म्हातारा झालो," ते म्हणाले. "तांदळांतलं नाव वाचून नवऱ्या मुली लाजतात, काही रडतात. 'माझ्या नावात काय वाईट आहे?' असं विचारणारी तू एकटीच. विसरेन कसा?"

मला ते आठवत होतं. भरल्या घरात मी तसं विचारलं होतं आणि सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. त्या उद्धटपणाची मला पुढे लाज वाटत राहिली. आज त्याच उद्धटपणाने मला साक्षीदार मिळवून दिला, आणि मला त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा अभिमान वाटला.

गुरुजी पायावरून पंचा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी तेव्हा तुला उत्तर दिलं नव्हतं. नावात काही वाईट नव्हतं, बाळ."

मंगळवारी ते लेकीच्या खांद्यावर हात ठेवून एस.टी.ने भिवंडीला आले. कोर्टासमोरच्या झाडाखाली टायपिस्टने प्रतिज्ञापत्र टाइप केलं: नलिनी केशव म्हात्रे उर्फ सुमन दामोदर भोईर. उर्फ वाचून माझं डोकं फिरलं. पेपरात उर्फ असतं ते खिसेकापूंना आणि दारू गाळणाऱ्यांना. दुसरा शब्द टाका म्हटलं, तर टायपिस्ट म्हणाला, "बाई, दुसरा शब्द कायद्यात नाही. हाय तो हा." गुरुजींनी सही केली. दक्षिणा पुढे केली तर घेतली नाही. एस.टी.चं तिकीट मात्र मला काढू दिलं त्यांनी.

दुसऱ्या खेपेला मुंबईत शिपायाने "नलिनी म्हात्रे" म्हणायला तोंड उघडलं आणि मी उभी राहिले. फी इतकी होती की वडिलांनी दिलेली एक बांगडी मोडावी लागली होती. शाळेच्या बुडालेल्या दिवसांचा पगार गेला तो वेगळाच. साहेबाने सगळे कागद वाचले, माफीही मागितली. मग पेन पुढे करून म्हणाला, नीट विचार करा, हा पासपोर्ट मिळावा म्हणून पलीकडच्या खिडकीपाशी रांग आहे.

"ते मागायला आलेत," मी म्हणाले. "मी हा कधी मागितला नव्हता."

सही जुन्या नावाने करायची होती. 'न' काढताना हात अडखळला, पुढची अक्षरं आपोआप आली. पासपोर्ट टेबलावरून पलीकडे गेला. वडिलांनी बोटीवर तो माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरले होते, तेवढं आठवलं. पण पाऊल मागे घ्यावंसं क्षणभरही वाटलं नाही.

मार्च संपायला चार दिवस उरले असताना ठाण्याला शपथ घेतली. कारकून प्रमाणपत्र लिहायला बसला, कागदांची चळत चाळली, वैतागला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा. नाव काय लिहू?"

पहिलं नाव वडिलांनी ठेवलं, दुसरं तांदळांत लिहिलेलं मिळालं, पासपोर्ट तर जन्माबरोबरच गळ्यात पडला. नाव काय लिहू, हे मला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"नलिनी उर्फ सुमन दामोदर भोईर," मी म्हणाले. "उर्फ गाळू नका."

संध्याकाळच्या एस.टी.ने भिवंडीत उतरले आणि कामतघरपर्यंत चालतच गेले. गल्लीगल्लीत माग खडखडत होते. कायमची जागा मिळाली, मताचा हक्क मिळाला. इतक्या कचेऱ्या आणि इतके कोस पालथे घालून मी पोचले होते ती माझ्याच घराशी. पण दहा वर्षांपूर्वी त्या घरात मला आणलं होतं, आज मी आपल्या पायांनी आले होते.

हे ड्युटीवरून येऊन हात पुसत बसले होते. प्रमाणपत्र हातात घेऊन दिव्याखाली गेले. तांदळांत अंगठी फिरवल्यापासून माझं जुनं नाव ह्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. आता एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्याने वाचलं, "नलिनी..."

मी लगेच ओ दिली.