कल्ले बघणारा

इथे आखातात, एगैलाच्या मॉलमध्ये मासळी साफ करून देणारा तो रत्नागिरीकडचा माणूस, मासा वजनाला लावण्याआधी अंगठ्याने कल्ला उचलून बघतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तो बघणारच. कल्ला काळपट दिसला, तर सुपरवायझरच्या देखत सांगतो, "ह्यो नको, भाभी. परवाचा हाय."

डिसेंबरात आम्ही फिनलंडला जाऊन आलो. तिथे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मी ट्राउट पकडला. त्याचा व्हिडिओ बायकोने मला कौतुकाने या मासळीवाल्याला दाखवायला लावला. बर्फाने पांढरी पडलेली बोटं ॲप्रनला पुसून त्याने फोन घेतला. व्हिडिओ एकदा पूर्ण पाहिला. दुसऱ्यांदा मासा वर येतो तिथे थांबवला, दोन बोटांनी कल्ला मोठा करून बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. फोन हिसकावून घ्यावासा वाटला मला.

तळ्यावर दोन तास माझ्या गळाला काहीच लागलं नव्हतं. बायको आणि मुलगी शेकोटीपाशी गेल्यावर गाइडने स्वतःच्या डब्यातला मेलेला ट्राउट माझ्या गळाला अडकवून भोकात सोडला होता, आणि मी आरडाओरडा करत तो ओढून काढला होता.

"यांनी स्वतः पकडलाय," बायको म्हणाली. "मस्त आहे ना?"

"एकदम जिता मासा, भाभी," तो म्हणाला. "साहेबांना लय झुंजवलं असणार."

फोन त्याने माझ्याकडे न बघताच परत दिला.

इतक्या वर्षांत माशाबद्दल तो खोटं बोललेलं मी तेवढंच एकदा ऐकलं.