डर्बीवहिनी आणि साखरेचा डबा

टांग्यात बसण्याआधी घोड्याभोवती फेरी मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या डर्बीवहिनी. नऊवारीचा काठ जरा वर धरून त्या घोड्याच्या चारी पायांकडे बघत, मानेवरून हात फिरवत, डोळ्यांत डोकावत आणि मग टांगेवाल्याला सांगत, "भैया, आज इसको आराम दो. पिछला खुर दुख रहा है इसका." एवढं बोलून पिशव्या उचलायच्या आणि चालायला लागायचं. सदरच्या बाजारातून कांचघरपर्यंत मी त्यांच्यामागून अशी कितीदा तरी पायपीट केली आहे. टांगेवाले त्यांना दुरून ओळखत. काही तर त्या दिसल्या की घोडा वळवून घेत.

मी नागपूरहून लग्न होऊन जबलपूरला आले ती चीनच्या लढाईनंतर. तिथल्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीत दोन-दोन पाळ्या चालत. भोंगा झाला की गल्लीतले सगळे पुरुष सायकली काढून निघून जात, आणि मग दिवसभर कांचघरच्या आमच्या गल्लीत बायकांचं राज्य. माझे यजमान फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. आमच्या दोन खोल्यांना लागून वहिनींच्या दोन खोल्या. मध्ये एक भिंत, आणि तिच्या वरच्या झरोक्यातून पलीकडचं बोलणं ऐकू येई. पहिल्याच आठवड्यात त्या झरोक्यातून आवाज आला, "सुधा, काय करून राहिली? एकटीच बसली असशील तर ये इकडे, पोहे केलेत."

वहिनींचे वडील एका लहानशा संस्थानात पागेवर कारकून होते. त्यामुळे त्यांचं बालपण घोड्यांतच गेलं. लहानपणी त्या चक्क घोड्यावर बसत. लग्न झालं, नवरा मिळाला फॅक्टरीत लेथच्या यंत्रावर काम करणारा, आणि घोडे सुटले. राहिली फक्त डर्बी. मुंबईला दरवर्षी थंडी सरताना घोड्यांची ती मोठी शर्यत होते, तिच्यात वहिनी एक घोडा निवडत आणि मुंबईचे त्यांचे भाऊ त्यांच्या नावानं त्याच्यावर थोडेसे पैसे लावत. वर्षातून एकदाच. एरवी त्या पत्त्यालासुद्धा हात लावत नसत. त्यांचे यजमान नाना देवभोळे आणि अबोल. डर्बीच्या आधीच्या आठवड्यात मात्र ते संध्याकाळी स्टेशनवर जाऊन मुंबईचं शिळं वर्तमानपत्र घेऊन येत आणि चहाच्या कपाशेजारी ठेवत म्हणत, "घे. तुझे घोडे आले."

वहिनींचा घोडा पहिला आल्याचं मला आठवत नाही. त्याचं त्यांना दुःखही नसे. मी एकदा म्हटलं, "वहिनी, दरवर्षी हरता, मग लावता काहून?" त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "आठवडाभर माझा एक घोडा असतो न मुंबईला. सकाळी उठलं की वाटतं, आता त्याला फिरवून आणत असतील. आता खरारा करत असतील. तुझं आहे का कोणी मुंबईला?" माझं कोणी नव्हतं.

माणसांकडेही त्या तशाच बघत. गल्लीत कोणाच्या मुलीसाठी स्थळ आलं की वहिनींना बोलावणं जाई. मुलगा खुर्चीत बसून शिक्षण-पगार सांगत असे, तिकडे त्यांचं लक्ष नसे. जाताना त्या त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जात आणि परत येऊन निकाल देत. एका सुटाबुटातल्या मुलाबद्दल म्हणाल्या होत्या, "दिसायला छान आहे, पण पहिल्या वळणावरच दम टाकेल." ते लग्न झालं नाही. पुढे तो मुलगा फार मोठा अधिकारी झाला, हेही सांगायला हवं. वहिनींचा अंदाज घोड्यांत चुके तसा माणसांतही चुके, आणि तेही त्या हसून मान्य करत.

इंदू आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रेल्वेतल्या एका गार्डची मुलगी. लष्करातल्या मुलाला दिली होती. पासष्टच्या लढाईत तो गेला आणि वर्षा-दीड वर्षाच्या संसारानंतर ती पुन्हा आईवडिलांकडे आली. सुरुवातीला सगळ्या जणी जाऊन भेटून आल्या, रडून आल्या. मग हळूहळू जाणं थांबलं. कोणी तिच्याशी वाईट वागलं असं नाही. ती समोर आली की काय बोलावं हे कळेना, म्हणून बायका वेगळ्या वाटेनं पाण्याला जाऊ लागल्या, इतकंच. ती दिवसभर खिडकीशी बसून स्वेटर विणे. कोणासाठी, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. संक्रांतीनंतर आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू इंदूच्या घरासमोरच्याच हॉलमध्ये झालं. आम्ही नटूनथटून गेलो. मी मागे वळून पाहिलं तर वहिनी बाहेरच थांबल्या होत्या. समोरच्या खिडकीचा पडदा कोणीतरी आतून ओढून घेतला होता आणि वहिनी त्या पडद्याकडे बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी वाण घेतलं, अत्तर लावून घेतलं, पण सगळ्यांच्या आधी घरी निघून गेल्या. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी झरोक्यातून आवाज आला. यंदा डर्बी आपल्या अंगणात करायची. रविवारी दुपारी सगळ्या बायकांना बोलवायचं. डब्यातून प्रत्येकीनं एक चिठ्ठी काढायची, चिठ्ठीवर घोड्याचं नाव. पैसे नाहीत. प्रत्येकीनं एक वाटी साखर आणायची, आणि जिचा घोडा पहिला येईल तिनं सगळी साखर न्यायची. त्या दिवसांत साखर रेशनवर मिळे, तीही रांगेत उभं राहून. पाहुणा आला की आम्ही चहात गूळ टाकत असू. भरलेला साखरेचा डबा म्हणजे बायकांच्या दृष्टीनं खरोखरच डर्बी होती.

आमंत्रणं द्यायला मला सोबत नेलं. पहिलं घर इंदूचं. तिची आई दारातच गोंधळली. म्हणाली, असल्या समारंभाला इंदूनं येणं बरं दिसणार नाही, लोक नावं ठेवतील. वहिनी तिला ओलांडून आत खिडकीशी गेल्या आणि इंदूला म्हणाल्या, "हळदीकुंकू नाही आहे हे. डर्बी आहे. डर्बीत कुंकू लागत नाही, साखर लागते. रविवारी ये." इंदूनं सुया खाली ठेवल्या, पण हो म्हणाली नाही.

तेव्हा मला कळलं, हा सगळा खटाटोप कशासाठी होता.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना मात्र दुसरंच कळलं. त्यांचे यजमान फॅक्टरीत नानांचे साहेब. बाई शुक्रवारी स्वतः आल्या आणि ओसरीवर उभ्या राहूनच बोलल्या. नुकतीच लढाई होऊन गेलेली, देशात धान्याची टंचाई, आणि इथे साखरेवर जुगार चालणार. शिवाय कोणाकोणाला बोलावलंय तेही कानावर आलंय. हे फॅक्टरीत वर गेलं तर नानांची बढती अडेल, क्वार्टरसाठी लावलेला अर्जही. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणून जास्त भीती वाटली.

संध्याकाळी नाना कामावरून आले, पाय धुतले, चहा घेतला. वहिनींनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणत असाल तर राहू देते." मी झरोक्याखाली श्वास धरून उभी होते. नानांनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चिठ्ठ्या जाड कागदाच्या कर. पातळ कागदातून नाव दिसतं."

रविवारी अंगणात सतरंजी पडली. बायका आल्या, पदराखाली वाट्या घेऊन आल्या. अध्यक्षीणबाईही आल्या, काय चाललंय ते बघायला. सर्वांत शेवटी इंदू. पांढऱ्या साडीत, हातात वाटी, दाराशीच उभी. वहिनींनी चिठ्ठ्यांचा डबा उचलून आधी तिच्यासमोर धरला. तिनं चिठ्ठी काढली. आणि डबा तिथून जो फिरला तो अध्यक्षीणबाईंच्या पुढ्यात येऊन थांबला. बाईंनी मान हलवली. वहिनी म्हणाल्या, "एक घोडा उरतोय बाई. त्याला कोणीच नाही म्हणून कसं चालेल?" बाईंनी चिठ्ठी काढली आणि न उघडता पर्समध्ये टाकली.

इंग्रजी नावांची मग गंमत झाली. 'लेडी मार्लिन' ही लेडी मालन झाली, 'ब्रेव्ह सॉलोमन'चा सोलापूर झाला. वहिनींनी घड्याळ पाहिलं आणि हात वर केला. "आता सुटले," म्हणाल्या. मुंबईत काय चाललंय ते त्यांनाही दिसत नव्हतं, आम्हालाही. पण त्यांनी डोळे मिटले आणि शर्यत सांगायला सुरुवात केली. मालन पुढे, सोलापूर आतल्या बाजूनं दाबून राहिलाय, वळण आलं, माती उडाली. बायका गुडघ्यांवर उठून बसल्या. आपापल्या घोड्याला हाका मारू लागल्या. आणि त्या गलक्यात मला ऐकू आलं, इंदू मोठ्यानं म्हणत होती, "वहिनी, माझा कुठे आहे? माझं नाव घ्या न." वहिनींनी लगेच तिचा घोडा मागून पुढे काढला.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी स्टेशनवरून आणला. पुन्हा सगळ्या जमल्या. पहिला आलेला घोडा कोणाकडेच निघेना. तेव्हा अध्यक्षीणबाईंनी पर्स उघडली, चिठ्ठी सोडवली, चष्मा लावून दोनदा वाचली. मग साखरेच्या डब्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. "नियम म्हणजे नियम," बाई म्हणाल्या आणि डबा दोन्ही हातांनी उचलला. त्यानंतर डर्बीला जुगार म्हणायची कोणाची छाती झाली नाही. नानांना क्वार्टर मिळालं नाही ते नाहीच, पण त्यांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही.

इंदूचा घोडा सर्वांत शेवटी आला होता. बायका पांगल्यावर ती मागे रेंगाळली. तिनं विचारलं, "जो शेवटी येतो, त्याचं काय करतात?"

"काय करतात म्हणजे?" वहिनी सतरंजी झटकत म्हणाल्या. "पाणी देतात, अंग चोळून देतात, चारा घालतात. तोही तेवढाच पळून आलेला असतो न."

इंदूनं सतरंजीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून तिची घडी घातली. पुढच्या पावसाळ्यात इंदू टायपिंग शिकायला जाऊ लागली आणि मग फॅक्टरीत स्टोअरला लागली. सायकलवरून जायची, भोंग्याच्या आधी पोचायची.

डर्बी त्यानंतर दरवर्षी आमच्या गल्लीत होत राहिली. एकाहत्तरच्या लढाईत खिडक्यांच्या काचांना कागद लावायचा हुकूम झाला तेव्हा वहिनींनी डर्बीची जुनी वर्तमानपत्रं काढली. त्यांच्या घरी चहा पिताना चहूबाजूंनी घोडे पळत असत. लढाई संपली आणि नाना निवृत्त झाले. त्यांच्या पुतण्याकडे अकोल्याला जायचं ठरलं. स्टेशनवर आम्ही सगळ्या गेलो होतो. सामान चढवून झालं, भोवती रडारड सुरू झाली, तेव्हा वहिनींनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या दरवर्षी नव्या कर. जुन्या वापरून वापरून बायका ओळखतात."

वहिनी वारल्याची बातमी अकोल्याहून आली ती तीन-चार वर्षांनी, डर्बीच्या थोडी आधी. त्या वर्षी डर्बी बंद ठेवावी का, यावर आमचं बोलणं झालं. अध्यक्षीणबाई आता खूप थकल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, बंद ठेवायची नाही.

त्यानंतर काही वर्षांनी माझे यजमान आजारी पडून गेले. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची आमंत्रणं गल्लीत फिरली. माझ्या दारावरून पावलं गेली, मी ऐकली. रागावले नाही. मीही इतकी वर्षं तशीच कोणाकोणाच्या दारावरून गेले होते. पण दिवस फार लांब वाटू लागले, आणि कधी नव्हे ती मी दुपारी झोपायला लागले.

एका रविवारी दार वाजलं. इंदू होती. केस पांढरे व्हायला लागलेले, खांद्याला पिशवी. त्या वर्षी डर्बी तिच्या क्वार्टरवर होती. मी म्हटलं, मला नाही ग यावंसं वाटत. तिनं ऐकून घेतलं आणि आत येऊन माझ्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या.

"चला ताई," ती म्हणाली. "सगळ्या थांबून राहिल्यात. चिठ्ठ्या अजून काढल्या नाहीत."

बाहेर तिची मोपेड उभी होती. मी असल्या गाडीवर कधी बसले नव्हते. पदर खोचला, तिच्या खांद्याला धरलं आणि मागे बसले. भर दुपारी, कांचघरच्या बाजारातून, सगळ्यांच्या देखत ती मला घेऊन निघाली, आणि चौकात वळताना तिनं जरासुद्धा वेग कमी केला नाही.