लेफ्टनंटचं फक्त कोकण ठेवा

ऐंशीच्या दशकात आम्ही नेपरव्हिलला राहत होतो. नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी ट्रेनने शिकागोला जाऊन इतिहासात पीएच.डी. करत होते. माझा विषय होता अठराव्या शतकातला एक इंग्रज आरमारी अधिकारी.

पाद्र्याचा मुलगा. पोरवयात जहाजावर गेला, लेफ्टनंट झाला आणि तिथेच अडकला, कारण वशिला नव्हता. लढाई संपली की अर्ध्या पगारावर घरी, पुन्हा पेटली की बोलावणं. त्याच्या हाताखाली शिकलेले कॅप्टन झाले. त्याला कॅप्टन केलं तेव्हा डोळे गेले होते, त्यामुळे जहाज मिळालंच नाही. त्याचं हे ताटकळणं मला सोडवत नव्हतं.

विजयदुर्गावरच्या हल्ल्यात तो होता. माझ्या गाईडना तेवढंच दिसलं.

"कोकणचं प्रकरण उत्तम आहे. तेच वाढवा, बाकीचं कापा."

"पण विषय त्याची कारकीर्द आहे, सर."

"इंग्रज आरमारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मराठी आहात. तुमच्याकडून लोकांना मराठ्यांबद्दल ऐकायचंय."

"मी पुण्यात वाढले. समुद्र मी सहलीत पाहिलाय."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी तेच जरा गोड शब्दांत सांगितलं.

स्टेशनवर नवरा घ्यायला आला होता. बाहेर बर्फ पडत होता.

"डिग्री मिळतेय ना? मग टाक की कापून," तो म्हणाला.

"तुला ऑफिसात सांगितलं, तू फक्त इंडियातल्या पुलांची डिझाइन्स कर, तर?"

त्याने वायपरचा वेग वाढवला.

शेवटी मी कापलं. अर्ध्याहून जास्त प्रबंध गेला. तोंडी परीक्षेत सगळ्यांनी मराठ्यांच्या गुराबांबद्दल, म्हणजे त्यांच्या लढाऊ जहाजांबद्दल, खोदून खोदून विचारलं. लेफ्टनंटचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. डिग्री मिळाली. नवऱ्याने केक आणला, महाराष्ट्र मंडळातल्या काकूंनी कौतुक केलं, आणि मी दिवसभर चिडलेलीच होते.

कापलेली प्रकरणं मी एका नियतकालिकाकडे पाठवली. संपादकांनी फोन करून सांगितलं, लिखाण चांगलं आहे, पण माणूस तेवढा महत्त्वाचा नाही.

तो महत्त्वाचा नव्हता, हे मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं.