मॉलचा गावकर

माझा थोरला भाऊ दत्ताराम मॉलचा मालक झाला, हे आमच्या अख्ख्या पार्से गावात मीच सांगत सुटले होते. आता हसा मला!

दादाने तीस वर्षं मुरगाव बंदरात कारकुनी केली. शब्दाचा पक्का माणूस. निवृत्त झाल्यावर त्याने एका ट्रस्टचे हिस्से घेतले. हा ट्रस्ट ठिकठिकाणचे मॉल विकत घेतो, दुकानांचं भाडं गोळा करतो आणि हिस्सेदारांना वाटतो. म्हापशाच्या वाटेवरचा नवा मॉलही त्याचाच.

"अगो देवकी, ही आपली गावकरीच!" दादा म्हणाला. आमच्याकडे गावची जमीन सामाईक. उत्पन्न गावकरांत वाटतात, आणि जत्रेत कुणी कुठे बसायचं तेही गावकरच ठरवतात. "मी थंयचो गावकर. तू खुशाल दारात बस. तुका कोण उठयता बघूया!"

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी सव्वीस वर्षं कोकमाची सोलं आणि काजू विकत बसले. ती जागा सासूबाईंची. तिथे कागदपत्र नाही. जो बसतो त्याची जागा. शेजारी बसणाऱ्या शेवंतीला मी चारचौघांत नारळ-विडा देऊन ती देऊन टाकली. मोठी दानशूर ना मी!

सोमवारी सकाळी मॉलच्या दारात टोपली उतरवते न उतरवते, तोच रखवालदार धावत आला. मी ठणकावलं, "माझा भाऊ गावकर आहे इथला!" त्याने टोपली उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. मेल्याने वर सोलंही सांडली. मी दादाला फोन केला.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून, कागद घेऊन आला. मॅनेजरबाईने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, "काका, तुमच्यासारखे लाखभर हिस्सेदार आहेत. भाड्यातला वाटा तुमचा. जागा कुणाला द्यायची, ते मॉल चालवणारी कंपनी ठरवते."

"मग आमका विचारणारच नाय?"

"मोठ्या गोष्टींवर मत देता येतं, काका. टोपलीवर नाही."

अगे बाये! दादाने कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!

शुक्रवारी मी त्याला घेऊनच बाजारात गेले. शेवंती माझ्या जागेवर बसली होती. तिने नवं प्लास्टिक अंथरलं होतं, सून मदतीला आणली होती. मी गयावया केली, "निदान कोपरा तरी दी गो." दादाने तिच्यापुढे हात जोडले. आयुष्यात कुणापुढे न जोडलेले हात ते.

शेवंती गडबडून उठली. तिला खरोखरच कळेना.

"दत्तारामदादा, येवढो मॉल तुमचो," ती म्हणाली, "आनी माझ्या हातभर जाग्याक तुम्ही हात जोडतात?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला ते खरं वाटत होतं. दादा मॉलचा मालक झाला, हे मीच तर तिला पटवलं होतं.